पौषात हॉल रिकामा, आणि तालमीला जागा नाही

यंदा माघी गणपतीला आम्ही गावच्या हॉलमध्ये 'संगीत सौभद्र' हे जुनं गाण्यांचं नाटक केलं, आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री अकरा वाजता वाडीतल्या बायका घराघरातून गोधड्या घेऊन हॉलवर आल्या. झालं असं की आमचा हॉल म्हणजे वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी आणि चारी बाजूला कोऱ्या प्लास्टरच्या भिंती, एक टाळी वाजवली की ती कितीतरी वेळ फिरत राहते. रंगीत तालमीला नारदाने पहिलं पद सुरू केलं आणि एका शब्दावर दुसरा शब्द असा चढायला लागला की मागच्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाला चाल कळत होती पण अक्षर एक कळत नव्हतं. साउंडवाल्या मुलाने दोनतीन वेळा मशीनवर हात फिरवून बघितला आणि सरळ सांगितलं, "काका, माझ्याकडनं काही होणार नाही, भिंती झाका." एवढं कापड आणायचं कुठून, तर आमच्यातल्याच एकीने घरी फोन लावला, आणि अर्ध्या तासात बत्तीस गोधड्या जमल्या. जुन्या नऊवारीच्या, धोतराच्या, काही पार विटलेल्या. मंडपाची तार ताणून मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीला त्या टांगल्या, वरच्या खिडक्या उघडल्या, आणि मग सुभद्रेने 'वद जाऊ कुणाला शरण' म्हटलं ते शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द न शब्द पोचलं. मी तबल्यावर होतो, माझ्या अंगावर काटा आला.

लोक अजून त्या गोधड्यांचं कौतुक करतायत आणि ते करावंच, पण मला त्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आमदार निधीतून, पंचायतीच्या पैशातून, गावाच्या वर्गणीतून आपण गावोगाव जे हॉल बांधतोय, त्यांना नाव देतो सांस्कृतिक भवन, आणि बांधतो लग्नाचा हॉल. आमचंच बघा ना. स्टेज जेमतेम आठ फूट खोल, म्हणजे नवरानवरीच्या दोन खुर्च्या, मागे फुलांचं डेकोरेशन आणि पुढे फोटो काढायला उभे राहणारे पाहुणे एवढा हिशोब. विंगा नाहीत. मागून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला वाट नाही. स्टेजवर यायचं दार एकच आणि ते उघडतं जेवणाच्या पडवीत. स्वयंपाकाची जागा मात्र ऐसपैस, हात धुवायला दहा नळ, मोठी भांडी ठेवायला वेगळी खोली. त्यात वाईट काही नाही, लग्नं व्हायलाच हवीत, माझ्या मुलीचं लग्नही याच हॉलमध्ये झालं. पण आमच्या कृष्णाला डावीकडून आत जाऊन उजवीकडून यायचं तर हॉलला बाहेरून पूर्ण वळसा घालायला लागत होता, चुलाणाच्या बाजूने, दंवाने ओली झालेली पायवाट, हातात पितांबर सावरत, आणि बरोबर एक पोरगा मोबाईलचा टॉर्च धरून. पुढचा प्रवेश त्याच्यासाठी थांबायचा आणि पेटीवाले काका तेवढा वेळ सूर भरत बसायचे.

आता खरं सांगायचं तर प्रयोगाचं कसंही निभावतं. एक रात्र असते, सगळं गाव पाठीशी असतं, दोर बांधून, पडदे मागून, गोधड्या टांगून ती निघते. माझं भांडण प्रयोगाच्या रात्रीसाठी नाहीच, ते आहे त्याच्या आधीच्या चाळीस रात्रींसाठी. गावातल्या नाटकाला हॉल लागतो तो मुख्यतः तालमीला, आणि नेमका तालमीलाच तो मिळत नाही.

गद्य नाटकाच्या तालमी कुणाच्या ओटीवर होतात. चार माणसं बसली, वाचन केलं, उभं राहून दोन पावलं टाकली, भागतं. संगीत नाटकाचं तसं नाही. पायपेटी एका जागी ठेवावी लागते, रोज उचलून दुसऱ्या घरी नेली की तिचे भाते आणि सूर दोन्ही बिघडतात. तबला-डग्गा, तंबोरा किंवा निदान इलेक्ट्रॉनिक तंबोरा, त्याला लाईट. गाणारा माणूस उभा राहून, फिरत, समोरच्याकडे बघत गायला शिकतो तो बसून शिकलेलं पद विसरल्यावरच, हे ज्याने एकदा संगीत नाटक बसवलंय त्याला विचारा. बैठकीत सुंदर म्हटलेलं 'प्रिये पहा' उभं राहिल्यावर श्वासात अडकतं, रुक्मिणीकडे वळताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते, हातवारे केले की ताल सुटतो. आणि संवाद संपून पद नेमकं कुठे उचलायचं, पेटीने सूर कधी द्यायचा, एकदा म्हणून झालेली ओळ परत घ्यायची की पुढे जायचं, हे सगळं साथीदार आणि नट यांचं एकमेकांच्या डोळ्यात बघून ठरतं. हे पाचसहा तालमीत होत नाही, आम्हाला एक्केचाळीस लागल्या.

त्या एक्केचाळीस कुठे कुठे झाल्या ते सांगतो. पहिल्या आठ देवळाच्या पडवीत, पण तिथे सोमवारी आणि गुरुवारी भजन, आणि देवळात नऊनंतर मोठ्याने गायलेलं म्हाताऱ्या माणसांना त्रासाचं होतं हेही खरं. मग शाळेच्या व्हरांड्यात सहा, तिथे रात्री लाईट वापरायला परवानगी नाही, बॅटरीवर केल्या. मग अर्जुनाच्या खळ्यात, पण त्याच्या मुलाचं दहावीचं वर्ष, पोराने काही म्हटलं नाही पण त्याच्या आईचा चेहरा आम्हाला दिसत होता. शेवटच्या दहा तेवढ्या हॉलमध्ये, त्याही भाडं भरून, दिवसाला लग्नाच्या निम्मं. आणि ज्या रात्री आम्ही शाळेच्या व्हरांड्यात आणि खळ्यात कुडकुडत बसलो होतो त्यातल्या बहुतेक रात्री हॉल कुलूप लावून अंधारात उभा होता, कारण तो महिना पौषाचा.

हाच माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. आपल्याकडे पौषात लग्नं जवळजवळ होतच नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेले मुहूर्त पौष लागला की थांबतात आणि माघात परत सुरू होतात. म्हणजे महिनाभर हॉलला गिऱ्हाईक नाही. भात घरात आलेलं असतं, झोडणी झालेली असते, आंबा अजून मोहरात, माणूस रात्री जेवून दोन तास मोकळा असतो. आणि माघी चतुर्थी येते ती पौष संपल्यावर चौथ्याच दिवशी. आपल्या पंचांगाने नाटकाच्या तालमीसाठी जणू महिना काढूनच ठेवलाय, आणि आम्ही त्या महिन्यात दाराला कुलूप घालतो. हॉलचं उत्पन्न बुडेल असं जे सांगितलं जातं त्यात पौषापुरतं तरी काही तथ्य नाही, बुडायला उत्पन्नच नसतं. लाईटबिल आम्ही भरू. झाडलोट आम्ही करू. चावी ज्याच्या नावावर द्याल तो सही करेल.

दुसरी गोष्ट बायकांची, आणि इथे मला जरा थांबायचंय. कोकणात आणि गोव्यातही गावच्या नाटकात स्त्री पात्रासाठी बाहेरून नटी आणायची पद्धत वर्षानुवर्षं आहे. ती बाई तिचं काम घेऊन दुपारच्या एसटीने येते, एकदा संवाद फिरवते, रात्री प्रॉम्प्टरच्या आधाराने उभी राहते आणि पहाटेच्या गाडीने पुढच्या गावी जाते. त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे, दहा दहा नाटकं पाठ असतात त्यांना, कितीतरी गावांची नाटकं त्यांनी जगवलीत. पण सौभद्रात सुभद्रा आणि रुक्मिणी आयत्या वेळी आलेल्या असल्या तर त्यांची पदं कापावी लागतात, कारण साथीदाराबरोबर त्यांची एकही तालीम झालेली नसते. आणि मग उरतं काय? सुभद्रेच्या पदांशिवाय सौभद्र म्हणजे मिठाशिवाय आमटी.

यंदा आम्ही ठरवलं की दोघी गावातल्याच हव्यात. अंगणवाडीत काम करणारी एक आणि दुसरी आमच्याच वाडीतली सून, लग्नाआधी भजनात गायची, नंतर सगळं सुटलेलं. दोघींनी हो म्हणायला एकच अट घातली, जागा चारचौघात आणि उजेडात पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं. रात्री नऊला दुसऱ्याच्या खळ्यात, पुरुषांच्या घोळक्यात, पोर घरी ठेवून कोण जाईल? हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या त्या दिवसापासून चित्रच बदललं. रुक्मिणीची सासू रोज तिच्याबरोबर यायला लागली, पहिल्यांदा राखण म्हणून, आठवड्याने ती स्वतःच 'इथे गेल्या खेपेस तू हळू बोलली होतीस' असं सांगायला लागली. लहान पोरं चटईवर झोपायची. दोन पोरींना अख्खा पहिला अंक पाठ झाला नुसता ऐकून. पुरुषांच्या तालमीतल्या शिव्या कमी झाल्या, वेळेवर येणं सुरू झालं. हे सगळं त्या चार भिंतींनी आणि दोन ट्यूबलाईटनी केलं, मी काही वेगळं भाषण दिलं नव्हतं.

1882 साली सौभद्र पहिल्यांदा रंगभूमीवर आलं तेव्हा बाईने स्टेजवर उभं राहणं कुलीन घरात चालणारच नव्हतं, भाऊराव कोल्हटकर या पुरुषाचीच सुभद्रा गाजली. पुढे बालगंधर्वांचा जमाना, तेही पुरुष असून बायकांच्या भूमिका करायचे. 1933 साली मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक या बायका बायकांच्या भूमिकेत उभ्या राहिल्या आणि तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट होती. त्याला आता नव्वद वर्षं होऊन गेली. आमच्या गावातल्या बायकांच्या बाबतीत ती गोष्ट यंदा झाली. नव्वद वर्षं लागली त्याला कारण फक्त जुने विचार होते असं मला आता वाटत नाही, बऱ्याच अंशी साधी जागेची अडचण होती, कारण विचार तर दोन आठवड्यांत बदलले.

कुणी म्हणेल सौभद्रच का, एवढं जुनं. तर बाबांनो, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं त्याच्यासारखं दुसरं मला दाखवा. एका घरात लग्न ठरलंय, थोरल्या भावाने बहिणीला न विचारता दुर्योधनाला शब्द दिलाय, धाकट्या भावाला तिचं मन माहीत आहे, वहिनी मधल्या मध्ये, आणि जिचं लग्न ती रडतेय. यातलं कुठलं आजच्या घरात होत नाही? आमच्या प्रयोगाला बलराम 'मी शब्द दिलाय' म्हणून चिडला तेव्हा पुढच्या रांगेतला एक गृहस्थ जागेवर हलला, गावाला त्याच्या घरातलं माहीत आहे, कुणी काही बोललं नाही. आजोबा पदांसाठी आले होते, पोरं घटोत्कचासाठी, बायका सुभद्रेसाठी. आणि हे नाटक लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तरी कोण होते, सरकारी कचेरीत नोकरी करणारा माणूस, नाटकाचा नाद असलेला. ज्याला आपण संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणतो त्याची सुरुवात नोकरी सांभाळून नाटक बसवणाऱ्या माणसाने केली, तेव्हा हौशी नाटक म्हणजे दुय्यम असं मला कुणी सांगू नये.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट बऱ्याच मंडळांना माहीत नसते. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतो, नंतर संहिता सगळ्यांची. किर्लोस्कर 1885 ला गेले, देवल 1916 ला, गडकरी 1919 ला, खाडिलकर 1948 ला. म्हणजे सौभद्र, शारदा, एकच प्याला, मानापमान, स्वयंवर ही सगळी कुठल्याही गावच्या मंडळाने उचलावीत, लेखकाचं मानधन नाही, वारसांच्या परवानगीचा प्रश्न नाही. एवढा खजिना फुकट पडलाय आणि तो उघडायला लागणारी जागा आपण कुलपात ठेवलीय.

आता विरोधात जे बोललं जातं ते. एक म्हणजे तालुक्याला किंवा जिल्ह्याला नाट्यगृह आहे की, तिथे करा. तिथे प्रयोग होईल हो, एक दिवसाचं भाडं गोळा करू, टेम्पो करू. पण रोज रात्री सव्वीस माणसं, त्यात पाच बायका आणि चार पोरं, चाळीस किलोमीटर तालमीला जाणार का? आणि ज्या आजीने गोधडी दिली ती प्रयोग बघायला तरी तिथे पोचेल का?

दुसरं म्हणजे उघड्यावर करा, आमच्या वाडवडिलांनी भाताच्या चोंढ्यात मांडव घालून नाटकं केली. केली, मीही बघितलीत, पहाटे चारला संपायची. पण आता ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, 2000 सालापासून रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, सरकार सणावाराला वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती कुठल्या दिवसांना द्यायची ते आपल्या हातात नाही. नियम चांगला आहे, माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण त्याच नियमात बंदिस्त जागेला, म्हणजे सभागृह, कम्युनिटी हॉल वगैरेला, आतल्या आत ऐकू जाईल इतपत स्पीकर रात्री वापरायची मोकळीक आहे. गावात माणसं शेतातनं, दुकानातनं, शेवटच्या एसटीने येऊन जेवून बसेपर्यंत नऊ साडेनऊ होतात. तीन तासांचं संगीत नाटक दहाला कसं संपवायचं? म्हणजे कायद्याने बघितलं तरी गावच्या नाटकाचं घर आता हॉलच आहे.

तिसरं म्हणजे, 'आता बघतंय कोण, सगळे मोबाईलवर.' आमच्या हॉलची बसायची जागा अडीचशेची. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, माणसं खिडक्यांना लागून उभी होती. मी यावर जास्त बोलत नाही.

चौथं जरा आतल्या गोटातलं, आमच्याच काही मित्रांचं म्हणणं की एवढा पेटी-तबल्याचा व्याप कशाला, गाणी रेकॉर्ड करून ट्रॅकवर करा, तालमी निम्म्या होतील. माझा याला स्पष्ट नकार आहे आणि मी तबला वाजवतो म्हणून नाही. आमच्या सुभद्रेला प्रयोगात दुसऱ्या अंकात ठसका लागला. पेटीवाल्या काकांनी तोच सूर धरून ठेवला, मी ठेका सोडला नाही, दोन आवर्तनं आम्ही तिच्यासाठी फिरत राहिलो, ती पाण्याचा घोट घेऊन वळली आणि समेवर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅक थांबला नसता. गावातली पंचवीस वर्षांची पोरगी पहिल्यांदा अडीचशे माणसांसमोर गाते तेव्हा तिला थांबून वाट बघणारी साथ लागते.

जिथे जागा आणि दिवस ठरलेला असतो तिथे नाटक टिकतं, हे मी हवेत बोलत नाही. गोव्यात गावोगावच्या जत्रेत, काल्यात देवळासमोर गावच्या मुलांनी नाटक करायचं हे ठरलेलंच असतं, त्यामुळे दरवर्षी नवीन पोरं तयार होतात. तिकडे झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाकडे, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात, वडशाला तर कंपन्यांची ऑफिसं आहेत, आणि तिथेही ऑर्गन-तबला समोर बसून वाजतो. त्यांना कुणी मोठे हॉल बांधून दिलेले नाहीत, पण गावाने नाटकाला रात्र आणि जागा दिली, ती कधी काढून घेतली नाही. आपण कोकणात उलट केलं. मुंबईकर चाकरमानी गणपतीला, शिमग्याला यायचे तेव्हा नाटक व्हायचं, ते यायचे कमी झाले, मोकळ्या जागांवर घरं उठली, आणि हॉल आले ते लग्नाचे.

म्हणून माझं मागणं फार नाही. पौष महिना रात्री साडेआठ ते साडेअकरा हॉल गावच्या मंडळांना, नाटक असो, भजन असो, नमन-खेळे असोत, नुसत्या लाईटबिलावर द्या. हे ग्रामसभेत ठराव करून एकदाच लिहून ठेवा, म्हणजे दरवर्षी नवीन सरपंचाच्या पाया पडायला नको. मागच्या भिंतीला जाड कापडाचे पडदे कायमचे लावा, त्याने लग्नातलं भाषणसुद्धा नीट ऐकू येईल. आणि नवीन हॉल बांधाल तिथे स्टेज निदान अठरा फूट खोल घ्या, दोन्ही अंगाला दार ठेवा आणि मागून माणूस जाईल एवढी वाट सोडा. यातलं एकही लग्नाच्या आड येत नाही.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे शेजारच्या वाडीत नवीन हॉलचं काम सुरू झालंय. परवा जाऊन बघून आलो. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत लिंटलपर्यंत आलीय, स्टेजचा चौथरा भरलाय, आणि त्याला परत एकच दार, जेवणाच्या बाजूला. मी गवंड्याला विचारलं, दुसऱ्या अंगाला दार काढायचं तर किती काम? त्याने भिंतीवर हात ठेवून सांगितलं, आत्ता सांगाल तर दोन दिवस, आठ-दहा चिरे काढायचे आणि चौकट बसवायची, स्लॅब पडल्यावर मात्र मला सांगू नका. स्लॅब पुढच्या महिन्यात आहे.